कोरणं, सोलणं, सरकवणं: प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांची ओळख

बडोद्याच्या तरसालीत राहणाऱ्या कुणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं, की त्याच्यापुढे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक मकरपुऱ्यावरून शहरात शिरतो आणि सयाजी हॉस्पिटलपाशी पोचतो. १९४९ साली सुरू झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजशी जोडलेलं हे सरकारी हॉस्पिटल. दुसरा रस्ता हायवेने आणंद ओलांडून नडियादला जातो. तिथलं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या आजारांनाच वाहिलेलं आहे. या दोन टोकांच्या मध्ये खासगी दवाखाने आहेत, आणि त्यांच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत एक शब्द हमखास असतो: लेझर.

रुग्ण बिचारा गोंधळतो. फॅमिली डॉक्टर टीयूआरपी म्हणतात. शेजाऱ्यांच्या व्याह्यांचं होलेप झालेलं असतं. पुण्याचा भाचा फोनवर वाफेच्या उपचाराबद्दल सांगतो, तर सून मोबाइलवर पाण्याच्या फवाऱ्याने प्रोस्टेट कापणाऱ्या रोबोटचा व्हिडिओ दाखवते. जो तो आपल्या पद्धतीला ‘लेटेस्ट’ म्हणतो. औद्योगिक वसाहतीतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने तरसाली-मकरपुरा पट्ट्यात स्थिरावलेली मराठी पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यामुळे हा गोंधळ घराघरांत पोचलेला आहे, फक्त त्याबद्दल मोकळेपणी बोललं जात नाही.

पुढच्या पानांत प्रत्येक पद्धतीची वेगळी ओळख येईल. त्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली तर नावांची गर्दी बरीच कमी होते. यंत्रं कितीही असोत, वाढलेल्या प्रोस्टेटच्या बाबतीत सर्जनला तीनच गोष्टी करता येतात. आतून कोरून लघवीची वाट मोठी करायची, वाढलेला भाग मुळापासून सोलून काढायचा, किंवा तो फारसा न कापता बाजूला सरकवायचा अथवा आक्रसवायचा. वीज, लेझर, वाफ, पाणी ही सगळी साधनं झाली. रुग्णाला किती वर्षं बरं वाटेल, रक्त किती जाईल, नळी किती दिवस राहील, हे बरंचसं या तीनपैकी काय केलं त्यावर ठरतं.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. चाळिशीनंतर तिचा मूत्रमार्गाला लागून असलेला आतला भाग वाढू लागतो. पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहापैकी आठांहून अधिक जणांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते, असं शवविच्छेदनांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. ही वाढ म्हणजे कर्करोग नाही. कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो.

आतला भाग फुगत जातो तसा बाहेरचा भाग दाबला जाऊन त्याचं कवच बनतं. या दोघांच्या मधे एक नैसर्गिक फट असते. गेल्या सव्वाशे वर्षांतली प्रोस्टेटची शस्त्रक्रिया या फटीभोवती फिरते आहे. आधी सर्जनच्या बोटाला ती सापडली, मग काही दशकं ती बाजूला पडली, आणि लेझरच्या काळात ती पुन्हा मध्यभागी आली.

आकार आणि त्रास यांचं गणित मात्र सरळ नाही. १०० ग्रॅमची प्रोस्टेट घेऊन एखादा निवांत झोपतो आणि ३५ ग्रॅमवाला रात्रीतून पाच वेळा उठतो. मधला भाग वर मूत्राशयात डोकावत असेल, किंवा ग्रंथीतले स्नायू आवळलेले असतील, तर छोटी प्रोस्टेटही वाट अडवते. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावरचा एक आकडा पाहून ऑपरेशन ठरत नाही. अमेरिकन युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने १९९२ मध्ये सात प्रश्नांची एक गुणपत्रिका तयार केली. धार बारीक होते का, थांबून थांबून येते का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, अशा प्रश्नांना शून्य ते पाच गुण. एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. तीच गुणपत्रिका थोड्या भरीसह आज जगभर वापरली जाते आणि कुठल्याही दोन शस्त्रक्रियांची तुलना तिच्यावरच होते.

हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या बारा प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते: गुदद्वार आणि मूत्राशय यांच्या मधे दगडासारखी टणक, वर आलेली गाठ, जी मूत्र, मल आणि वायू तिन्ही अडवते. गाठ ओळखली गेली होती, पण ती काढण्याची सोय पुढची कित्येक शतकं कुठेच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातला सुखवस्तू म्हातारासुद्धा लघवी काढायची नळी स्वतःजवळ बाळगे आणि दिवसातून अनेकदा ती स्वतःच घालून घेई. जंतुसंसर्ग व्हायचा, मूत्रपिंडं निकामी व्हायची, आणि माणूस जायचा. १८९० च्या दशकात काही सर्जनांनी अंडकोष काढून प्रोस्टेट आक्रसवण्याचा मार्ग धरला. संप्रेरकांशी या ग्रंथीचं नातं आहे हा त्यांचा अंदाज बरोबर होता. मात्र उपाय इतका जबर होता की तो टिकला नाही.

ज्या माणसाने बोटाने ही फट गाठून शस्त्रक्रिया रूढ केली, त्याची कारकीर्द भारतात घडली. १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसवण्यात आलं. त्याच वर्षी पीटर फ्रेयर हा आयरिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. पुढची वीसेक वर्षं तो उत्तर हिंदुस्थानात राहिला. पोट न फाडता मूत्राशयातला खडा आतल्या आत चिरडून बाहेर काढण्यात त्याचा हात इतका बसला की रामपूरच्या नवाबाने खूश होऊन त्याला लाखभर रुपये दिले. सरकारी नोकराने एवढी रक्कम घ्यावी का, यावरून सरकारशी त्याचं चांगलंच वाजलं.

निवृत्त होऊन फ्रेयर लंडनच्या सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये रुजू झाला. १ डिसेंबर १९०० रोजी त्याने ६९ वर्षांच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. ओटीपोटातून मूत्राशय उघडायचं, एका हाताचं बोट आत घालायचं, दुसऱ्या हाताचं बोट गुदद्वारातून वर दाबून प्रोस्टेटला आधार द्यायचा, आणि संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर सोलून काढावा तसा वाढलेला भाग कवचातून मोकळा करायचा. १९०१ च्या जुलैमध्ये अशा चार रुग्णांची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली आणि फ्रेयरचं नाव झालं. न्यूयॉर्कच्या युजीन फुलरने हे काम पाच-सहा वर्षं आधीच केलं होतं. श्रेयाचा वाद बरेच दिवस चालला. फ्रेयरने पुढे हजाराहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे पाच टक्के होतं. प्रतिजैविकं नाहीत, रक्तपेढी नाही, अशा काळातला हा आकडा आहे.

४५ वर्षांनी, १ डिसेंबर १९४५ च्या लॅन्सेटमध्ये, टेरेन्स मिलिन या दुसऱ्या आयरिश सर्जनने मूत्राशय न उघडता, त्याच्या पुढच्या बाजूने थेट प्रोस्टेटचं कवच चिरण्याची पद्धत मांडली. डोळ्यांसमोर काम होत असल्याने रक्तस्राव आवरणं सोपं झालं. मराठी घरांतले जुने लोक ‘पोटातून प्रोस्टेट काढली’ म्हणतात ते या दोनपैकी एक असतं. खूप मोठ्या प्रोस्टेटसाठी, विशेषतः सोबत मूत्राशयात मोठा खडा असेल तर, पोटातून करण्याची पद्धत आजही वापरली जाते. काही ठिकाणी तेच काम दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने होतं.

या काळात प्रोस्टेटच्या ऑपरेशनची धास्ती केवढी होती, याचा दाखला ब्रिटनच्या राजकारणात सापडतो. ऑक्टोबर १९६३ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांची लघवी ऐन पक्षाच्या अधिवेशनाच्या तोंडावर अडकली. १० तारखेला ऑपरेशन झालं आणि त्याच दिवशी पायउतार होण्याचा त्यांचा इरादा अधिवेशनात वाचून दाखवण्यात आला. वाढ साधी निघाली, कर्करोग नव्हता. मॅकमिलन त्यानंतर २३ वर्षं जगले. डिसेंबर २०२४ मध्ये इस्राएलचे ७५ वर्षांचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांची प्रोस्टेट काढण्यात आली, तर दोन दिवसांनी ते संसदेत मतदानाला हजर होते. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी आपल्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं स्वतःहून जाहीर केलं. ते तीन रात्री हॉस्पिटलमध्ये राहिले. राजाने उघडपणे सांगितल्यावर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या आजाराची माहिती वाचणाऱ्यांची रीघ लागली.

मधल्या साठ वर्षांत जे बदललं, त्याचं मोठं श्रेय टीयूआरपीला जातं. पोटावर चिरा नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण आत जाते, तिच्या टोकाशी विजेवर तापणारी तारेची कडी असते, आणि त्या कडीने वाढलेला भाग आतून काप काढत काढत कोरला जातो. मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ मध्ये हे उपकरण बनवलं, जोसेफ मॅकार्थी यांनी १९३० च्या सुमारास ते सुधारलं. १९५९ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांची भिंगरचना शोधली, आणि पुढे सर्जनला आतलं स्वच्छ दिसू लागलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत सरकारी विम्यावर होणाऱ्या वृद्धांच्या मोठ्या शस्त्रक्रियांत मोतीबिंदूच्या खालोखाल टीयूआरपीचा नंबर होता. १९८९ मध्ये १३ संस्थांमधल्या ३,८८५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचं प्रमाण ०.२ टक्के होतं. फ्रेयरच्या पाच टक्क्यांवरून इथवर.

टीयूआरपीची एक जुनी दुखरी बाजू होती. कोरताना दिसावं म्हणून सतत द्रव सोडावा लागतो. विजेच्या जुन्या, मोनोपोलर उपकरणात मिठाचं पाणी चालत नसे, म्हणून ग्लायसिनचं द्रावण वापरत. ऑपरेशन लांबलं की ते उघड्या शिरांतून रक्तात शिरायचं, सोडियम घसरायचं, रुग्ण बरळायला लागायचा, कधी फिट यायची. म्हणून कोरण्याचं काम तासाभरात आटपायचं हा दंडक पडला. साहजिकच ८०-१०० ग्रॅमच्या पुढची प्रोस्टेट पोटातून काढणंच बरं ठरायचं. नव्या बायपोलर उपकरणात साधं सलाइन चालतं, त्यामुळे हा धोका जवळपास संपला. आज कुणी ‘टीयूआरपी’ म्हणालं, तर मोनोपोलर की बायपोलर हे विचारून घ्यायला हरकत नाही.

प्रोस्टेट छोटी, ३० ग्रॅमच्या आतबाहेर असेल, तर कधी कोरण्याचीही गरज पडत नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी एक-दोन उभे छेद दिले की वाट मोकळी होते. अहमद ओरांदी यांनी १९७० च्या आसपास ही पद्धत रूढ केली. ऑपरेशन लहान, रक्तस्राव कमी, वीर्यस्खलनावर परिणामही कमी. तरीही पाट्यांवर तिचं नाव क्वचितच दिसतं.

लेझर याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ब्रिटनमध्ये ४१० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. निम्म्यांची प्रोस्टेट नेहमीच्या विजेच्या कडीने कोरली, निम्म्यांची थुलियम लेझरने. वर्षानंतर त्रासाच्या गुणांत फरक नव्हता, हॉस्पिटलमधला मुक्काम सारखाच होता, आणि लघवीच्या धारेचा वेग तर कडीने कोरलेल्यांत किंचित सरस निघाला. दोन्ही गटांत कृती एकच होती, कोरण्याची. हत्यार बदललं, निकाल बदलला नाही.

त्याच लेझरने सोलायचं ठरवलं, तर गोष्ट वेगळी होते. न्यूझीलंडच्या टौरांगा या बंदराच्या गावात पीटर गिलिंग आणि मार्क फ्राउनडॉर्फर यांनी १९९० च्या दशकात होल्मियम लेझर वापरायला सुरुवात केली. आधी तेही कोरतच होते. मग त्यांनी लेझरचा धागा कवच आणि गर यांच्या मधल्या फटीत नेला, वाढलेले खंड अख्खे सुटे केले, मूत्राशयात ढकलले आणि तिथे मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने त्यांचे तुकडे करून शोषून घेतले. हेच होलेप. फ्रेयरचं बोट ज्या फटीतून फिरत होतं, त्याच फटीतून आता मूत्रमार्गातून आलेला लेझर फिरू लागला, आणि पोट फाडण्याची गरज उरली नाही.

होल्मियमची ऊर्जा पाणी लगेच शोषून घेतं. त्यामुळे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आतच संपते, खोलवर भाजत नाही आणि वाटेतल्या रक्तवाहिन्या बंद करत जाते. जर्मनीत राइनर कुंट्झ यांनी १०० ग्रॅमपेक्षा मोठ्या प्रोस्टेटच्या १२० रुग्णांत होलेप आणि पोटातून करायची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांना सारखाच आराम होता. रक्तस्राव, नळीचे दिवस आणि हॉस्पिटलचा मुक्काम मात्र होलेपमध्ये कमी होता. दिल्लीच्या एम्समध्ये १५० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीयूआरपीशी तुलनेतही फायदा याच बाबींत दिसला. वेळ जास्त लागला, आणि लक्षणांतला आराम टीयूआरपीएवढाच होता.

होलेपची अडचण शिकण्यात आहे. ती फट दुर्बिणीतून ओळखणं, कवच न फोडता तिच्यातून पुढे सरकणं, आणि खाली लघवी रोखणाऱ्या स्नायूला धक्का न लावणं याला सराव लागतो. साधारण पन्नासेक शस्त्रक्रिया झाल्यावर हात बसतो, असं त्यातले जाणकार म्हणतात. ऑपरेशननंतर काही आठवडे खोकताना, उठताना थोडी लघवी गळणं हे होलेपमध्ये टीयूआरपीपेक्षा जास्त दिसतं. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. होलेपचा अनुभव कमी असलेल्या सर्जनपेक्षा टीयूआरपीत मुरलेला सर्जन ६० ग्रॅमच्या प्रोस्टेटला अधिक न्याय देईल, हे खुद्द सर्जनही मान्य करतील.

गुजरातेत होलेप पसरायला एक स्थानिक कारणही आहे. हा मुतखड्यांचा पट्टा. होल्मियम लेझर खडे फोडायलाही वापरतात. खड्यांसाठी घेतलेलं तेच यंत्र पुरेशा ताकदीचं असलं की प्रोस्टेटलाही चालतं. फ्रेयरही भारतात खडे चिरडता चिरडताच मूत्राशयाच्या तोंडाशी पोचला होता. दोन्ही कामांची जागा एकच, म्हणून हात आणि हत्यारंही एकातून दुसऱ्यात जातात.

हिरव्या लेझरचा मार्ग आणखी वेगळा. ५३२ नॅनोमीटरचा हा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे ऊतक जागच्या जागी वाफ होऊन उडून जातं आणि रक्तस्राव फार कमी होतो. अँजिओप्लास्टी होऊन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाला याचा फायदा होतो. युरोपातल्या २८१ रुग्णांच्या चाचणीत ही पद्धत टीयूआरपीपेक्षा कमी पडली नाही. पण उडून गेलेल्या ऊतकाची बायॉप्सी करता येत नाही. टीयूआरपी आणि होलेपमध्ये निघालेले तुकडे पॅथॉलॉजिस्टकडे जातात आणि कधी कधी अनपेक्षित कर्करोग तिथेच सापडतो.

तिसरा गट सरकवण्या-आक्रसवण्याचा. एकात बारीक धाग्याच्या टाचण्यांनी प्रोस्टेटचे खंड दोन्ही बाजूंना ओढून धरतात. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. दुसऱ्यात सुईने १०३ अंश सेल्सिअसची वाफ नऊ-नऊ सेकंद सोडतात, मग मेलेलं ऊतक शरीर हळूहळू शोषून घेतं. आराम पडायला आठवडे लागतात. तिसऱ्यात रेडिऑलॉजिस्ट मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून नळी नेऊन प्रोस्टेटचा रक्तपुरवठा रोखतो. हे उपाय लहान आहेत, बहुधा पूर्ण भूल लागत नाही आणि लैंगिक कार्यावर परिणाम फार कमी होतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते: टाचण्यांच्या मुख्य चाचणीत पाच वर्षांत सुमारे १४ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. वाफेच्या चाचणीत हा आकडा ४.४ टक्के होता.

पाण्याच्या फवाऱ्याची पद्धत या सगळ्यांहून नवी, आणि तिच्या इतिहासात नडियादचंही एक पान आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर सर्जन कापायच्या भागाचा नकाशा आखतो आणि रोबोट प्रचंड दाबाच्या सलाइनच्या धारेने तेवढाच भाग काही मिनिटांत काढतो. कृती कोरण्याचीच, फक्त उष्णता नाही. नडियादच्या मुळजीभाई पटेल हॉस्पिटलमध्ये ४७ रुग्णांवर ही पद्धत वापरली गेली आणि तो अनुभव २०१८ मध्ये ब्रिटिश युरॉलॉजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १८१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ती टीयूआरपीच्या बरोबरीची ठरली, आणि वीर्यस्खलन टिकवण्यात सरस निघाली. उष्णता नसल्याने रक्तवाहिन्या आपोआप बंद होत नाहीत, म्हणून नंतरच्या रक्तस्रावावर लक्ष ठेवावं लागतं.

लैंगिक परिणामांबद्दल घरात कुणी बोलत नाही आणि ओपीडीत सोबत मुलगा असल्याने रुग्ण विचारत नाही. म्हणून ते इथे स्पष्ट सांगायला हवं. टीयूआरपीनंतर साधारण दोन-तृतीयांश पुरुषांत आणि होलेपनंतर त्याहून थोड्या अधिकांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. त्याने इजा होत नाही. ताठरता सहसा टिकते, संभोगसुखही राहतं. मात्र मूल हवं असणाऱ्या पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी ही बाब निर्णायक ठरू शकते. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी हे बोलणं झालेलं असावं.

ऑपरेशन नक्की कधी करायचं, याबाबत १९९५ ची एक अमेरिकन चाचणी अजून उपयोगी आहे. मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांपैकी निम्म्यांचं टीयूआरपी केलं आणि निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांना स्पष्टपणे जास्त बरं होतं, पण लक्ष ठेवलेल्यांपैकी चारातल्या तिघांवर तोवर ऑपरेशनची पाळी आलेली नव्हती. गोळ्यांचाही पर्याय आहे. टॅमसुलोसिनने स्नायू सैल पडून काही दिवसांतच धार सुधारते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडने ग्रंथी सहा महिन्यांत सुमारे पाव हिश्शाने आक्रसते. या दुसऱ्या प्रकारची गोळी चालू असताना पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा निम्म्यावर येतो, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. काही बाबतींत मात्र वाट पाहण्यात अर्थ नसतो: लघवी वारंवार पूर्ण तुंबणं, मूत्रपिंडांना सूज येणं, मूत्राशयात खडे होणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणं किंवा रक्त जाणं.

लघवी एकदम तुंबते ती बरेचदा प्रवासात किंवा थंडीत. खानदेशातल्या लग्नाला रात्रीच्या बसने निघालेला माणूस पाणी कमी पितो, लघवी दाबून धरतो आणि सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी घेतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं असं औषध असतं की जे प्रोस्टेटचे स्नायू आवळतं. पहाटे धार बंद, पोट फुगलेलं, आणि भलत्याच गावात नळी घालायला धावपळ. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

खर्चाचा हिशेबही आधीच करावा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळू लागलं आहे. पण आपल्याला सुचवलेली पद्धत त्यात बसते का आणि त्या हॉस्पिटलमध्ये ती कार्डावर होते का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारून घ्यावं.

पुस्तिकेची रचना या तीन कृतींनुसार केली आहे. पहिल्या भागात कोरण्याच्या पद्धती, दुसऱ्यात सोलण्याच्या, तिसऱ्यात सरकवण्या-आक्रसवण्याच्या. प्रत्येक प्रकरणात प्रोस्टेटचा कुठला आकार, कुठली भूल, नळीचे दिवस, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय, पुन्हा ऑपरेशनची शक्यता आणि वीर्यस्खलनावरचा परिणाम, या क्रमाने माहिती येते, म्हणजे कुठलीही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचता येतील. शेवटी सर्जनला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे: सोनोग्राफीत प्रोस्टेट किती ग्रॅम, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते, मधला भाग वर आला आहे का, हे ऑपरेशन आपण आजवर किती जणांवर केलं, निघालेला भाग तपासायला जाणार का. यादीतला अखेरचा प्रश्न ऑपरेशननंतरचा आहे. कोरलं किंवा सोललं तरी प्रोस्टेटचं बाहेरचं कवच शरीरातच राहतं, आणि कर्करोग होतो तो बहुधा तिथेच. त्यामुळे पीएसए तपासणी पुढे किती महिन्यांनी करायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं.